सीटच्या कडेतली हवा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या फूड मॉलपाशी टुरिस्ट गाड्या उभ्या असतात. त्यांतल्या चालकांच्या सीटकडे एकदा नीट बघावं. एकीवर लाकडी मण्यांचं कव्हर, दुसरीच्या कमरेशी टॉवेलची घट्ट घडी, तिसरीवर घरून आणलेली आणि मधोमध दबून सपाट झालेली उशी. दिवसाचे दहा-बारा तास गाडी चालवणाऱ्या माणसानं आपल्या पाठीपुरता शोधलेला हा उपाय आहे. कंपनीनं सीट सगळ्यांसाठी एकच बनवलेली असते. पाठ मात्र ज्याची त्याची वेगळी.

आता त्याच सीटची दाराकडची कड बघावी. गाडी अलीकडची असेल, तर पाठीच्या शिवणीत बहुधा नखाएवढी कापडी पट्टी सापडेल, तिच्यावर इंग्रजीत ‘एअरबॅग’ असं लिहिलेलं. त्या पट्टीच्या आत, फोममध्ये, घडी घालून ठेवलेली एक पिशवी आणि गॅस तयार करणारं एक छोटं नळकांडं असतं. बाजूनं धडक बसली की ती पिशवी शिवण उसवून बाहेर येते आणि छाती नि दार यांच्या मध्ये उभी राहते.

टॉवेलची घडी आणि ही पिशवी, दोघींचा मुक्काम एकाच सीटच्या पाठीत, वीतभर अंतरावर. एकीला रोज काम, दुसरीला कदाचित आयुष्यात एकदाच. महागड्या गाड्यांमध्ये टॉवेलची जागा आता हवेनं फुगणाऱ्या आधारांनी घेतली आहे. बटण दाबलं की कमरेमागची किंवा बरगड्यांच्या बाजूची गादी हवी तेवढी फुगते. म्हणजे आरामासाठीही हवा आणि जीव वाचवण्यासाठीही हवाच. या दोन हवांनी एकमेकींच्या आड येऊ नये, जमल्यास एकमेकींना हात द्यावा, यासाठी सीट बनवणारे तीस वर्षं झटत आहेत. आपल्याकडे साध्या गाड्यांमध्येही बाजूच्या एअरबॅग येऊ लागल्यानं हा प्रश्न थेट आपल्या दारापर्यंत आला आहे.

आधी पाठीचं बघू. माणूस उभा असतो तेव्हा कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूला बाक असतो. बसलं की कमरेखालचं हाड मागे कलतं, बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार बदलतो. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून हा दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं असतानाच्या दाबापेक्षा बराच वाढतो, असं त्यांना आढळलं. पाठ थोडी मागे कलवली आणि कमरेला आधार दिला की तो उतरतो, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं. १९९९ मध्ये जर्मनीतल्या हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत संवेदक बसवून पुन्हा मोजणी केली, तेव्हा सैलावून बसल्यावरचा दाब उभं असतानापेक्षा किंचित कमीच निघाला. आकड्यांवर असे मतभेद राहिले. पण एकाच स्थितीत तासन्‌तास बसणं पाठीला मानवत नाही, हे कुठल्याही चालकाला सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. त्यात गाडीच्या हादऱ्यांची भर. सेकंदाला चार ते आठ वेळा वरखाली होणारे हादरे बसलेल्या शरीराला सगळ्यात जास्त जाणवतात आणि खराब रस्ता नेमके असेच हादरे देतो.

हवेच्या आधाराचा फायदा इथे कळतो. आत रबरी किंवा प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांना जोडलेल्या बारीक नळ्या, एक छोटा विजेचा पंप आणि हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, एवढाच हा संसार. लोखंडी पट्टी पुढेमागे करणारा जुना आधार एकाच जागी टोचतो. हवेची पिशवी मात्र पाठीचा आकार घेते आणि दर काही मिनिटांनी थोडी कमी-जास्त करता येते, त्यामुळे पाठ एका जागी आखडत नाही. मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत असे हवेचे आधार १९८० च्या दशकापासून मिळत आले. जर्मनीच्या आल्फमायर कंपनीनं तर आवाज न करणाऱ्या झडपा बनवल्या. त्यांत वीज वाहू लागली की आखडणारी खास मिश्रधातूची तार असते. ही कंपनी २०२२ मध्ये अमेरिकेच्या जेनथर्मनं विकत घेतली.

पुढची पायरी बाजूच्या गाद्यांची. सीटच्या पाठीच्या दोन्ही कडा वर आलेल्या असतात, कारागीर त्यांना बोल्स्टर म्हणतात. वळणावर शरीर बाहेर फेकलं जातं तेव्हा या कडा त्याला धरून ठेवतात. मर्सिडीजनं २००० च्या दशकात यात हवा खेळवली. गाडी डावीकडे वळली की उजवीकडची गादी फुगते, उजवीकडे वळली की डावीकडची. वरंध्याच्या घाटात चालक दाराला कोपर टेकवून, गुडघा आधाराला लावून स्वतःला सावरत असतो. तेच काम इथे सीट करते.

या सोयीचा सुरक्षेशी थेट संबंध आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. एअरबॅगची सगळी आखणी माणूस सरळ, सीटच्या मधोमध, पाठ टेकून बसलेला आहे असं धरून केलेली असते. पाठ दुखू लागली की माणूस सरकतो. एक खांदा दाराला टेकवतो, कमर पुढे काढतो, मान वाकडी करतो. सहाव्या तासाला तो जिथे बसलेला असतो, तिथे त्याला धरून बहुतेक चाचण्या झालेल्या नसतात. म्हणून चांगला आधार ही एअरबॅगची पूर्वतयारीच आहे. त्याला चैनीच्या यादीत टाकणं चूक आहे.

बाजूची धडक इतकी घातक का, हे अंतरावरून समजतं. समोरून धडक बसली तर बोनेट, इंजिन, चाकं असं बरंच काही आधी चुरडतं आणि धक्का खातं. बाजूला काय असतं? वीतभर जाडीचं दार आणि मग थेट माणूस. समोरच्या एअरबॅगला फुगायला साधारण तीस मिलिसेकंद मिळतात. बाजूला धडक ओळखणं आणि पिशवी जागेवर आणणं ही दोन्ही कामं मिळून त्याहून कमी वेळात उरकावी लागतात. पापणी लवायला शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात, यावरून घाईचा अंदाज यावा.

जगातली पहिली बाजूची एअरबॅग व्होल्वोनं १९९४ मध्ये ८५० या मॉडेलमध्ये आणली. ती सुमारे बारा लिटरची होती आणि सीटच्या पाठीच्या कडेलाच बसवलेली होती. दारात न बसवता सीटमध्ये बसवण्याचा निर्णय फार शहाणपणाचा ठरला. चालक उंच असो वा बुटका, सीट पुढे असो वा मागे, पिशवी नेहमी त्याच्या बरगड्यांशेजारीच राहते. पण तिथे डोकं उघडं राहत होतं. १९९७ मध्ये बीएमडब्ल्यूनं खिडकीवर फुगणारी नळी आणली आणि १९९८ मध्ये व्होल्वोनं एस ८० मध्ये छतातून उतरणारी पडद्यासारखी एअरबॅग दिली. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं प्रत्यक्ष अपघातांचा हिशेब मांडला आहे. चालकाच्या बाजूनं धडक बसल्यास, डोक्याचंही रक्षण करणाऱ्या एअरबॅगनं मोटारीतल्या चालकाच्या मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी आणि एसयूव्हीत ५२ टक्क्यांनी कमी झाला. फक्त धडाला वाचवणाऱ्या पिशवीनं हेच प्रमाण अनुक्रमे २६ आणि ३० टक्के होतं. शोभेची म्हणून एखादी वस्तू इतकं काम करत नाही.

आता अडचण. पाठीची दाराकडची कड हीच एअरबॅगची जागा आणि तीच फुगणाऱ्या गादीचीही. एअरबॅग कव्हरची शिवण उसवून बाहेर येते. त्या शिवणीचा दोरा मुद्दाम कमजोर असतो, टाक्यांमधलं अंतर ठरलेलं असतं आणि आत न ताणलं जाणारं कापड असं लावलेलं असतं, की गॅसचा सगळा जोर फोममध्ये न विरता त्या एकाच रेषेवर यावा. हवेची गादी पूर्ण फुगली की कव्हर ताणतं, रिकामी असली की सैल पडतं. शिवण दोन्ही स्थितींत ठरल्या क्षणीच उसवायला हवी. गादीची पिशवी एअरबॅगच्या वाटेत आली तर एअरबॅग वळून वर किंवा मागे जाईल. पाच मिलिसेकंदांचा उशीर झाला तरी तोवर दार आत आलेलं असेल. त्यामुळे गादीची हवा एअरबॅगच्या आतल्या बाजूला, शरीराच्या दिशेनं ठेवावी लागते, एअरबॅग सीटच्या लोखंडी सांगाड्याला पक्की बसवावी लागते आणि फुगलेली, अर्धी, रिकामी अशा प्रत्येक स्थितीत, गोठवणाऱ्या थंडीत आणि उन्हात तापलेल्या गाडीतही चाचणी घ्यावी लागते. कुठलाही आधार सीटमध्ये मागाहून घुसवणं धोक्याचं आहे, ते यामुळेच.

दुसरी अडचण माणसाच्या जागेची. दाराला डोकं टेकवून झोपलेल्या मुलाच्या अंगावर ही पिशवी फुगली तर तीच इजा करू शकते. २००० साली अमेरिकेत वाहन उद्योग आणि त्याच विमा संस्थेनं मिळून अशा वेड्यावाकड्या बसण्यासाठी स्वेच्छेनं पाळायच्या चाचण्या ठरवल्या. होंडानं त्याच सुमारास सीटच्या पाठीत विद्युत क्षेत्र ओळखणारे संवेदक बसवले. लहान मूल एअरबॅगच्या वाटेत कललेलं आढळलं, की त्या बाजूची एअरबॅग बंद होते आणि समोर दिवा लागतो. सीटची पाठ ओली असेल किंवा वर कव्हर असेल तर हा संवेदक चुकू शकतो, असं गाडीच्या पुस्तिकेतच बजावलेलं असतं.

इथवर प्रश्न फक्त एकमेकींच्या आड न येण्याचा होता. दोन हवांनी खरोखर हातात हात घालण्याची कल्पना मर्सिडीजनं २००९ मध्ये एका प्रायोगिक सुरक्षा गाडीत दाखवली. बाजूच्या गाद्यांमधली हवेची पिशवी धडक बसण्याच्या आधीच फुगवायची आणि माणसाला ५० मिलिमीटरपर्यंत गाडीच्या मध्याकडे ढकलायचं. धडावरचा भार त्यामुळे सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं. २०१६ च्या ई-क्लासमध्ये ही यंत्रणा ‘प्री-सेफ इम्पल्स साइड’ या नावानं रस्त्यावर आली. गाडीचे रडार बाजूनं येणारं वाहन बघतात, धडक अटळ आहे असं ठरलं की त्या बाजूच्या गादीतली पिशवी क्षणार्धात फुगते आणि नंतर, प्रत्यक्ष धक्क्याला, एअरबॅग.

पाच सेंटिमीटरनं असं काय होतं, असं वाटेल. दोन गोष्टी होतात. एक, दार आणि बरगड्या यांच्यात जागा वाढते आणि एअरबॅगला पूर्ण उघडायला वाव मिळतो. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. रिले शर्यतीत बॅटन घेणारा खेळाडू उभा राहून वाट बघत नाही, मागचा जवळ आला की तोही धावू लागतो, म्हणून देणाऱ्याच्या आणि त्याच्या वेगात फरक कमी राहतो. इथेही तसंच. आत येणारं दार माणसाला ज्या दिशेला ढकलणार आहे, त्या दिशेला तो आधीच सरकू लागलेला असतो. दार पोचतं तेव्हा दोघांच्या वेगातला फरक कमी झालेला असतो आणि इजा त्या फरकानंच होते.

अर्थात रोजच्या आरामाचा पंप यासाठी पुरत नाही. तो गादी फुगवायला काही सेकंद घेतो. त्यामुळे दोन्ही कामं एकाच गादीत व्हायची तर हवा वेगानं भरण्याची वेगळी सोय करावी लागते. मात्र आधी ढकलणारी हवा एअरबॅगच्या स्फोटापेक्षा पुष्कळ सौम्य असते आणि तिला धक्क्याची वाट बघावी लागत नाही. धोका आधी ओळखण्याच्या यंत्रणेचा एवढा नेमका उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला आहे.

याच दिशेनं इतरांनीही प्रयत्न केले. ऑडीनं ए ८ मध्ये धडकेआधी अर्ध्या सेकंदात त्या बाजूनं गाडीच ८० मिलिमीटरपर्यंत उचलायची सोय केली, म्हणजे मऊ दाराऐवजी खालच्या मजबूत तुळईनं मार खावा. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफनं गाडीच्या बाहेर, दरवाजांवर फुगणारी २८० ते ४०० लिटरची एअरबॅग दाखवली. पलीकडच्या बाजूनं धडक बसली तर शेजाऱ्याच्या डोक्यावर डोकं आदळतं, हेही इजेचं मोठं कारण होतं. जनरल मोटर्सनं २०१३ च्या मॉडेलांत दोन सीटांच्या मध्ये फुगणारी एअरबॅग आणली. २०२० मध्ये गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनं या पलीकडच्या धडकेची चाचणी सुरू केली आणि टोयोटा यारिस, होंडा जॅझ अशा छोट्या गाड्यांतही ती मधली पिशवी आली. तीही सीटच्याच आतल्या कडेत राहत असल्यानं तिथली जागा आणखी अडचणीची झाली.

आता आपल्याकडचं. भारतात चालकाशेजारच्या प्रवाशासाठीची एअरबॅग सगळ्या नव्या मोटारींना २०२२ च्या जानेवारीपासून सक्तीची आहे. सहा एअरबॅगची सक्ती करण्याचा मसुदाही त्याच महिन्यात निघाला. सहा म्हणजे समोर दोन, पुढच्या सीटांच्या कडेला दोन आणि पडद्यासारख्या दोन. सक्ती आधी १ ऑक्टोबर २०२२ ला, मग २०२३ ला लागू होणार होती, पण सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं ती करणार नसल्याचं सांगितलं. तरीही सहा एअरबॅग आल्या. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे तसेच तारे देणारं भारत एनकॅप सुरू झालं, त्यात ताशी ५० किलोमीटरनं बाजूला ठोकर आणि ताशी २९ किलोमीटरनं खांबावर आदळण्याची चाचणी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये टाटाच्या हॅरिअर आणि सफारीला पहिले पाच तारे मिळाले. ह्युंदाईनं त्याआधीच आपल्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग देण्याचं जाहीर केलं होतं, आणि २०२५ मध्ये मारुतीनं अल्टो के-१०, वॅगन आर, सेलेरिओ आणि ईकोपर्यंत त्या आणल्या. महिन्याच्या हप्त्यावर घेतलेल्या पहिल्या गाडीतसुद्धा आता सीटच्या कडेत ती पट्टी असते.

आणि इथेच घोळ होतो. नवी गाडी शोरूममधून निघाली की बरेच जण थेट सीट कव्हरच्या दुकानात जातात. जाड रेक्झिन, आत फोमचा थर, कडेला दुहेरी टीप, खाली हुक आणि इलॅस्टिक. कारागीर गुडघा टेकवून, दात-ओठ खात कव्हर ताणतो आणि एकही सुरकुती राहिली नाही म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. त्या घट्ट कव्हराखाली एअरबॅगची पट्टी दिसेनाशी होते. कंपनीनं मुद्दाम कमजोर ठेवलेल्या शिवणीवर आता न फाटणारी मजबूत शिवण बसलेली असते. कव्हर बसवताना सीटखालच्या पिवळ्या जोडण्या ओढल्या गेल्या तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि तो विझवायचा म्हणून कुणी त्या जोडण्या नुसत्या काढून-घालून बघतो. पिवळ्या वेष्टनातली तार ही एअरबॅगची तार असते, तिला सर्व्हिस सेंटरशिवाय हात लावायचा नसतो, हे त्या कारागिराला कुणी शिकवलेलंच नाही. दोष त्याचा नाही.

मागाहून बसवलेल्या वस्तूवर सरकार कारवाई करू शकतं, बुलबारचं उदाहरण आपल्यासमोर आहे. पुढचा लोखंडी बार धडकेचा जोर भलतीकडे नेतो, एअरबॅगचे संवेदक फसतात आणि पादचाऱ्यालाही जास्त इजा होते, म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. सीट कव्हरकडे अजून तशा गांभीर्यानं पाहिलं जात नाही. पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून आहे. एअरबॅगसाठी मोकळी शिवण असलेल्या कव्हरांना तपासून प्रमाणपत्र देण्याचं काम अशा संस्थेनं हाती घ्यायला हवं आणि ते प्रमाणपत्र नसलेलं कव्हर नव्या गाडीवर चढवू नये, असा नियम हवा. शोरूमनंही ‘फुकट कव्हर’ देण्याआधी हे बघावं.

हवेच्या आधारांबद्दलचा कौल असा. धडकेआधी माणसाला बाजूला सारणारी गादी उत्तम आहे, पण ती अजून फार थोड्या गाड्यांत आहे आणि पट्टा, धडाची एअरबॅग नि पडदा यांच्या नंतर तिचा नंबर लागतो. कमरेचा साधा हवेचा आधार मात्र दहा-दहा तास गाडी चालवणाऱ्या टॅक्सीचालकाला, कंपनीनं बसवलेला आणि एअरबॅगसह तपासलेला, आज मिळायला हवा. तो स्वस्तात देता येण्यासारखा आहे, कारण त्यात एक छोटा पंप, दोन पिशव्या आणि काही झडपा यांपलीकडे फारसं काही नाही.

तोवर वाचकांना एकच सांगणं. उद्या गाडीत बसण्याआधी दार उघडून सीटच्या कडेला ती पट्टी आहे का, बघा. असेल तर त्या कडेवर जाड कव्हर, जॅकेट किंवा उशी ठेवू नका. कव्हर असेलच, तर एअरबॅगची शिवण मोकळी ठेवली आहे का, हे हात लावून तपासा, आणि नसेल तर ते आजच काढा. कमरेला टॉवेल लावायचा असेल तर तो मधोमध लावा, कडेला नको. आणि मागे झोपलेल्या मुलाचं डोकं दारावरून उचलून सीटवर सरळ ठेवा.